वही परत आली पाहिजे



मघाशी या कॉलेजच्या समारंभात बक्षिसं वाटली. समूहनृत्याचं नाव पुकारलं तेव्हा मंडप दणाणला. मग इंग्रजी निबंधाच्या पहिल्या बक्षिसाला एक मुलगी आली, वाकून नमस्कार केला आणि लगबगीनं खाली गेली. मला तिचा निबंध वाचायचा होता. शेजारी बसलेल्या मॅडमना विचारलं, तर कळलं की निबंध तपासून झाले की गठ्ठा बांधून कार्यालयात जातो. लिहिणाऱ्याच्या हातात तो पुन्हा येत नाही. बहुतेक सगळीकडे असंच चालतं. आज मला एवढ्याच गोष्टीवर बोलायचं आहे.

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. एम.ए.ला शेक्सपिअर वाचला, मिल्टन वाचला, हार्डीच्या कादंबऱ्यांवर पानंच्या पानं लिहिली. नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर ऐंशी वह्या येऊन पडल्या. त्या वाचायच्या कशा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या सरांनी जे केलं होतं तेच मी केलं. लाल पेन घेतलं, चुकांखाली रेघा मारल्या, ‘सुधारणा आवश्यक’ असं लिहून सही केली. सुधारणा कशी करायची, हे मुलांनी कुणाला विचारायचं होतं?

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असं नाही. १८७४ साली अमेरिकेत हार्वर्डनं प्रवेशपरीक्षेत छोटा इंग्रजी निबंध सक्तीचा केला. इंग्रजी ही ज्यांची मायबोली, अशा मुलांचे निबंध वाचून प्राध्यापक हबकले. १८८५ पासून तिथं पहिल्या वर्षाला ‘इंग्लिश ए’ हा लेखनाचा वर्ग लागला. बॅरेट वेंडेल नावाचे प्राध्यापक तर मुलांकडून रोजचं एक पान लिहून घेत. १८७४ हे साल आपल्यालाही ओळखीचं आहे. त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली, आणि तेही पेशानं शिक्षकच होते. मराठी निबंध त्यांनी उभा केला. पण निबंध लिहायला शिकवणाऱ्या वर्गानं आपल्या विद्यापीठांत मूळ धरलं नाही. तिकडे आज अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला लेखनवर्ग असतो, पुढे प्रगत लेखनाचे वर्ग असतात, आणि जो ते शिकवणार त्याला लेखन कसं शिकवावं याचाच वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. मला हेवा वाटतो तो या शेवटच्या गोष्टीचा.

या क्षेत्रातलं एक नाव तुम्ही लक्षात ठेवावं अशी माझी इच्छा आहे: मीना शॉनेसी. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सिटी कॉलेजात त्या शिकवत. १९७० साली हे कॉलेज ज्या विद्यापीठाचं, त्या विद्यापीठानं शहरातल्या कुठल्याही हायस्कूल पास मुलाला दार उघडलं. कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन, कामगारांच्या घरातली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं आली. त्यांचे पहिले निबंध पाहून पुष्कळ जण म्हणू लागले, ही कॉलेजच्या लायकीचीच नाहीत. शॉनेसीबाईंनाही त्या कागदांपुढे काही सुचेना. त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे. पण त्या वाचत राहिल्या. सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासले आणि १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, अवघ्या ५४ व्या वर्षी. मुलाच्या चुकीमागे काहीतरी विचार असतो, तो शिक्षकानं शोधायचा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

हे पुस्तक माझ्या हाती फार उशिरा पडलं. ते वाचल्यावर मी वह्या नव्यानं उघडल्या. ‘आय टोल्ड टू हिम’ हे वाक्य मी हजार वेळा खोडलं असेल. आता पाहिलं तर मुलगा ‘त्याला सांगितलं’ मधला ‘ला’ इमानदारीनं इंग्रजीत घेऊन चालला होता. ‘ही डिड नॉट वेंट’ लिहिणाऱ्या मुलीला भूतकाळ कळलेला होता. तिनं तो दोनदा दाखवला, इतकंच. या मुलांना ढ म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो मी वर्षानुवर्षं केला.

द्राक्षाच्या पट्ट्यातला एक मुलगा माझ्याकडे होता. हंगामात रात्री पॅकहाऊसला कामाला जायचा. निबंधात गाईडमधलं हिल स्टेशनचं वर्णन जसंच्या तसं उतरवायचा. एकदा त्याला म्हटलं, बाबा, पेटी कशी भरतात ते लिही. अकरा वाक्यं आली. कात्रीनं खराब मणी काढायचा, वजन करायचं, अर्ध्या किलोचे दहा डबे पाच किलोच्या पेटीत लावायचे. पायरीमागून पायरी, एकही निसटली नव्हती. त्यात एक वाक्य होतं, ‘डू नॉट टच टू द ग्रेप्स.’ त्या दिवशी मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि समासात पेन्सिलीनं एक शब्द लिहिला, ‘व्हाय?’ वही परत दिली. दोन दिवसांनी तीन वाक्यं वाढून आली. मण्यावर पांढुरकी भुकटी असते, बोट लागलं की ती पुसली जाते, मग माल शिळा दिसतो आणि भाव पडतो, म्हणून घड देठाला धरून उचलायचा. गाईडमध्ये हे कुठून येणार? ‘टच टू’ मधला ‘टू’ आम्ही तिसऱ्या खेपेला काढला, दोन मिनिटांत. आधी त्याला सांगण्यासारखं काही आहे, हे त्याला पटायला हवं होतं.

मुलांनो, आज यंत्र तुम्हाला क्षणात बिनचूक निबंध लिहून देतं. त्या निबंधात तुमचं पॅकहाऊस नसेल. तुमचं स्वतःचं चुकीचं वाक्य मला त्याहून मोलाचं वाटतं, कारण त्यावर तुम्हाला ‘का?’ असं विचारता येतं.

प्राध्यापक मित्रांनो, वर्गात शंभर मुलं असतात, वेळ नसतो, हे मी सोसलेलं आहे. म्हणून मागणी लहान करतो. वर्षाला दहा निबंध घेऊ नका, तीनच घ्या. पण प्रत्येक वही दोनदा परत जाऊ द्या. आणि आपल्या विद्यापीठांनी इंग्रजीच्या एम.ए.ला निबंध शिकवण्याची एक तरी प्रश्नपत्रिका ठेवावी, यासाठी आपण सगळ्यांनी मिळून अर्ज करू. पहिली सही माझी.

आणि प्राचार्य महोदय, एक विनंती. उद्या कार्यालय उघडलं की तो गठ्ठा सोडा आणि त्या मुलीचा निबंध तिला परत द्या. समासात एक प्रश्न लिहून द्या.