ज्ञानकोश आणि आमची मुले
डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आपण नुसते वाचले. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र कोणासही लिहिता येते. म्हणून माळशिरसच्या विद्यार्थ्यांस आम्ही प्रथम एकच वाक्य लिहावयास सांगतो: वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिराविषयी, स्वतःच्या शब्दांत, आधारग्रंथाचे नाव व पृष्ठ देऊन. लेख बिघडण्याचे भय नको; त्याचे जुने पाठ ‘इतिहास’ या सदरात जपलेले असतात. पुष्कळजण पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवितात. तो काढावाच लागतो. पण कारण न सांगता काढला, तर विद्यार्थी पुन्हा तिकडे फिरकत नाही. तेव्हा जाणत्यांनी खोडण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलावे, एवढीच आमची विनंती.