काचेतील पेशींचा आहार

अंगात रोगजंतू शिरले म्हणजे शरीरातील काही पेशी त्यांना जखडणारे प्रथिन निर्माण करतात. त्यास प्रतिपिंड म्हणतात. हेच कार्य शरीराबाहेर, काचपात्रात अखंड चालू ठेवण्याची युक्ती 1975 साली केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन या संशोधकांनी काढली. प्रतिपिंड घडविणारी उंदराच्या प्लीहेतील पेशी पात्रात फार दिवस तगत नाही. कर्करोगाची पेशी मात्र वाढतच राहते. या दोहोंच्या संकरातून झालेल्या पेशीत दोघींचेही गुण उतरले.

आता प्रश्न आला तिच्या अन्नाचा. अमेरिकेत हॅरी ईगल यांनी 1955 मध्येच दाखविले होते की, पात्रातील पेशींना ग्लुकोज, जीवनसत्त्वे, क्षार आणि तेरा अमिनो आम्ले द्यावीच लागतात. त्यांत ग्लुटामिनही आहे. आपले शरीर ते स्वतः बनविते; पण काचेतल्या पेशीला ते बाहेरूनच हवे असते.

एका प्रतिपिंडाच्या चार साखळ्यांत मिळून तेराशेच्या वर अमिनो आम्ले गुंफलेली असतात. तेव्हा भरपूर अन्न घातले की भरपूर प्रतिपिंड मिळेल, असेच कोणासही वाटेल. घडते मात्र निराळेच! पेशीच्या आवरणात ग्लुकोज आत ओढून घेणारी वाहक प्रथिने असतात. बाहेर ग्लुकोजची रेलचेल झाली की पेशी ते अधाशीपणे घेते आणि पुरते न जाळता बरेचसे दुग्धाम्ल करून बाहेर टाकते. ग्लुटामिनपासून अमोनिया सुटतो. पात्र बंद, घाण जाणार कोठे? तीच पुढे पेशींना बाधते. (चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर ईस्टरच्या ताटावर तुटून पडणारी आमच्या घरची मुले मला येथे हटकून आठवतात.)

म्हणून जाणते संवर्धक अन्न एकदम न ओतता, पेशी संपवील तसे थोडे थोडे देतात. शिवाय वाढ मंदावल्यावरही कित्येक पेशी प्रतिपिंड स्रवतच राहतात. तो उत्पन्नाचा काळ लांबविणे हे खरे कौशल्य.

हा केवळ प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब हे 1998 साली अमेरिकेत मान्यता पावलेले औषध म्हणजे असेच एक प्रतिपिंड. ते चिनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातील पेशींकडून करवून घेतात. त्याची किंमत ऐकून पुष्कळ घरांचा धीर सुटला. पुढे बंगळूरच्या बायोकॉनने त्याच्याशी समान असे औषध येथेच तयार केले व 2013 मध्ये त्यास भारतात परवानगी मिळाली. अशा औषधाच्या किमतीत इतर खर्चांबरोबर, एका पात्रातून किती प्रतिपिंड हाती आले, याचाही हिशेब असतोच.