हिरव्या पट्ट्यातला गुंठा



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'शहराची विभागरचना' असा छापलाय. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्यांनी झोन दाखल्यासाठी हेलपाटे घातलेत. (हशा) तेव्हा 1966चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, विकास आराखडा, हरकती-सूचना, शासनाची मंजुरी हे सगळं तुम्हांला माहीत आहे असं धरतो आणि पुढं जातो. राहायची जागा पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शेती हिरवी. रंगांचं एवढं ज्ञान आजच्यापुरतं पुरे.

नकाशातला रंग जमिनीचा उपयोग ठरवतो, असं पुस्तकात लिहिलंय. माझं म्हणणं, तो आधी जमिनीचा भाव ठरवतो. उपयोग माणसं आपापल्या ऐपतीप्रमाणं ठरवून टाकतात.

शहराच्या कडेचा कुठलाही बांध घ्या. अलीकडं पिवळं, पलीकडं हिरवं. माती तीच, विहिरीचं पाणी तेच, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. आता कुपवाडच्या एमआयडीसीतला कामगार, दवाखान्यातला वॉर्डबॉय, मार्केट यार्डातला हमाल यांना पिवळ्यातली जागा झेपते का? मग ते बांध ओलांडतात. शेतकऱ्यालाही पैसा हवा असतो. एकराचे 40 गुंठे, गुंठा 1089 चौरस फुटांचा. फिता टाकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या, झालं. रस्ता तेवढा सोडायचा राहिला! (हशा) 1947चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, असे तुकडे पाडता येणार नाहीत. मग व्यवहार स्टॅम्पपेपरवर आणि सातबारावर नावांची रांग.

म्हणजे हिरव्या रंगानं शेत राखलं का? नाही राखलं. त्यानं गरिबाला परवडेल अशी, पण रस्ता-गटार नसलेली जागा तयार केली. अशी गुंठ्यागुंठ्यानं विकली गेलेली वस्ती म्हणजे गुंठेवारी. तिला आपण अतिक्रमणाच्या पंगतीत बसवतो. अहो, या माणसानं कुणाचं काही बळकावलं नाही. रोख पैसे मोजून घेतलंय. गुंठेवारी हे आराखड्याचंच अपत्य आहे, फक्त बाप नाव लावायला तयार नाही. (टाळ्या)

सरकारला हे कळत नाही असं नाही. 2001 साली खास गुंठेवारीचा कायदा झाला. 1 जानेवारी 2001 पूर्वीचे प्लॉट शुल्क भरून नियमित करा म्हणाले. 2021च्या दुरुस्तीनं ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर नेली. तारखेला वीस वर्षं पुढं सरकावं लागतं, तेव्हा चूक फक्त घर बांधणाऱ्याची कशी म्हणायची? आणि प्रमाणपत्र मिळालं की घर कायदेशीर होतं, गटार होत नाही. सांगलीच्या शामरावनगरात पावसाळ्यात जाऊन बघा.

(सभागृहातून: "नकाशे तर तुम्हीच रंगवलेत!")

रंगवले ना! मी ड्रॉईंग शाखेतला माणूस. अमोनिया प्रिंटवर हातानं रंग भरले. कुंचला माझा होता, पण हद्द ठरवणारे साहेब होते आणि ती हलवणारे साहेबांच्याही वरचे. (मोठा हशा) त्यावर मला बोलायला लावू नका, पेन्शन चालू आहे.

रंगाच्या आडून भाव राखायची ही काही आपलीच तऱ्हा नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात युक्लिड नावाचं एक गाव आहे. विभागरचना घटनेत बसते का, हा वाद तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1926 साली निकाल गावाच्या बाजूनं लागला. त्या निकालपत्रात, एकेका कुटुंबाच्या बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या मोठ्या इमारतीला बांडगूळ म्हटलंय. कारखान्याचा धूर, गोंगाट यांचं कारण ठीक होतं. पण चाळवजा इमारतीला कसला धूर? बंगलेवाल्यांचा भाव पडायचा, खरं दुखणं ते.

आता तुम्ही म्हणाल, विभागच नकोत तर सगळा गोंधळ होईल. म्हणून मिरजेतल्या आपल्या सतारमेकर गल्लीत चला. तिथं खाली दुकान, मागं कारखाना, वर बिऱ्हाड. पंढरपूर भागातनं भोपळे येतात, वाळतात, कापले जातात. लाकडाचा भुसा, लाखेचा वास, कानस चालल्याचा आवाज आणि त्यातच एक जण डोळे मिटून सतारीच्या घोडीवर जवारी काढत बसलेला. सांगा, याला पिवळा द्यायचा, निळा की जांभळा? आणि ही मंडळी मुळात कोण? शिकलगार! तलवारी, भाल्यांना धार लावणारी घराणी. संस्थानी काळात हत्यारांची मागणी आटली. त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि घरातल्या कारखान्यात तलवारीची सतार झाली. नगररचना कायद्याच्या कलम 37 खालचा फेरबदल नाही, हरकती नाहीत, सूचना नाहीत! (हशा, टाळ्या) पुढं गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज आपलंसं केलं. गवई आणि कारागीर एकाच गावात, चालत जायच्या अंतरावर. तंबोरा बोलत नसेल तर गवई तो उचलून सरळ कारागिराच्या दारात. ही जवळीक कुठल्या रंगानं आणली असती? 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागातल्या अशा सेवा-उद्योगांना थोडी मुभा आहे, इतकी अश्वशक्ती, इतके कामगार, इतकी जागा. पण मोजायचं तर शेजाऱ्याला होणारा त्रास मोजा. लाखेच्या वासानं आजवर इथं किती घरं उठून गेली? खाँसाहेबांची एक आठवण सांगतात की...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे.' माझी टाचणं अजून निम्मीच झालीत. खाँसाहेब राहू देत.

उपाय सांगतो आणि थांबतो. उपाय जुनाच आहे. 1915चा मुंबईचा नगररचना कायदा, देशातला पहिला. त्यातली नगररचना योजना म्हणजे टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, प्रत्येकाकडून थोडी घेऊन रस्ते, गटारं, शाळा काढायच्या आणि उरलेली नीट आकार देऊन ज्याची त्याला परत. पुण्याचं भांबुर्डे असंच आखलं गेलं. अहमदाबादनं हा मार्ग कधी सोडला नाही. 1966च्या आपल्या कायद्यातही पाचवं प्रकरण याचंच आहे. आधी रस्ता आणि गटार आखा, रंग मागनं भरा. कडेच्या शेतकऱ्यालाही भाव मिळेल आणि हमालालाही सोडलेल्या रस्त्यावरचा गुंठा मिळेल.

एक अपवाद मात्र ठेवतो, नाहीतर कृष्णाघाटची मंडळी मला जाऊ देणार नाहीत. पुराची निळी रेषा आणि लाल रेषा. पहिली 25 वर्षांतल्या पुराची, दुसरी 100 वर्षांतल्या. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं 45 आहे. निळ्या रेषेच्या आत मी कुणालाच गुंठा देणार नाही, बिल्डरला तर नाहीच. तिथं भाव पडला तर पडू दे.

काळ्या जमिनीचा उतार, ओढ्यांची बुजलेली तोंडं, आरक्षणं, कलम 127ची नोटीस, सगळं राहिलं. अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न बाहेर चहाला घेऊ. सातबारा मात्र कुणी आणू नका. मी निवृत्त आहे, माझ्या सहीनं आता रेशनकार्डसुद्धा मिळत नाही. (हशा)