गिधाडांचा मारेकरी शोधणारा प्राध्यापक

तुमच्या औषधांच्या कपाटात गुडघ्याला चोळायच्या व्होल्टारेन जेलची ट्यूब असेल. आई-बाबा भारतातून येताना व्होव्हेरानच्या गोळ्याही आणत असतील. दोन्हींतलं औषध एकच, डायक्लोफेनॅक. हेच औषध गिधाडांना मारतंय, हे ज्यांनी शोधलं त्या पशुवैद्याबद्दल आज बोलायचंय.

जे. लिंडसे ओक्स वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवायचे. पुलमन हे छोटंसं गाव, चहूकडे गव्हाच्या टेकड्या. विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचं आणि आलेल्या नमुन्यांवरून जनावर कशानं गेलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. शिवाय ससाणे पाळायचा नाद.

१९९०च्या दशकात भारतातली गिधाडं पटापट मरू लागली. भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ही घसरण नोंदवली. पुढे पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादंच उरलं. गावाबाहेर टाकलेली गुरं तशीच सडू लागली. मुंबईत डुंगरवाडीला पारशी समाजाला सौर परावर्तक बसवावे लागले.

बहुतेकांचा संशय विषाणूवर होता. पेरेग्रीन फंड या संस्थेमार्फत ओक्स पाकिस्तानातल्या पंजाबात काम करू लागले. मेलेली गिधाडं उघडली, तर बहुतेकांच्या आतड्या-काळजावर खडूसारखा पांढरा थर. यूरिक ॲसिड! म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. विषाणू शोधले, जड धातू तपासले, कीटकनाशकं तपासली. काहीच नाही.

आमच्या आयटीत अशा वेळी एखादी महागडी नवी सिस्टीम मागवतात. ओक्स आणि त्यांचे सहकारी औषधविक्रेत्यांकडे आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. गिधाडं खातात काय, तर मेलेली गुरं. मग त्या गुरांना हल्ली कोणतं औषध देतात, जे पोटातून अंगात भिनतं आणि मूत्रपिंडाला घातक आहे? उत्तर आलं, डायक्लोफेनॅक. स्वस्त वेदनाशामक. बैल लंगडला, म्हैस आजारी पडली, की एक सुई.

नमुने पुन्हा तपासले. पांढरा थर असलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत हे औषध सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही नाही. मग औषध दिलेल्या म्हशीचं मांस गिधाडांना खाऊ घातलं. त्यांतलीही बरीच तशीच मेली. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला. शंभरातल्या एकाहूनही कमी मृत गुरांत औषध असलं तरी एवढा संहार होतो, असं पुढच्या गणितातून दिसलं.

मुलगी म्हणाली, "मला व्हेट व्हायचंय," की आपण लगेच विचारतो, "मग माणसांचीच डॉक्टर का नाही?" तिला ही गोष्ट जरूर ऐकवा. आणि तुम्हीही ऐका.

२००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही सापडला. ओक्स २०११ मध्ये अकाली गेले. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये भारतानं माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं. गावी कुणाची गुरं असतील, तर पुढच्या फोनवर विचारा, डॉक्टर सुई कशाची देतात.