दाराची काच फुटली, दार नव्हे

नागपुरातल्या कळमन्यात सागवानी दाराची काच फुटली की नवं दार सुचवणारे बरेच भेटतात. त्यांचं ऐकू नका. जाड हातमोजे घाला, आधी काचा वेचा, मग लाकडी पट्ट्या पटाशीने अलगद सोडवा. त्याच पुन्हा लागतील. एखादी मोडलीच, तर लकडगंजातल्या आरामशिनी जवळच आहेत. काच खाचेच्या मापापेक्षा तीनेक मिलिमीटर लहान घ्या, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. दुकानात उरलेला तुकडा मागा, स्वस्त पडतो. टफन्ड काच अधिक सुरक्षित, पण ती नंतर कापता येत नाही, मापानेच मागवा. काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मात्र घरीच मळा: खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. ती सावकाश वाळते, रंगाची घाई नको.