जिथे मोटार जात नाही, तिथे पंधरा दिवस

(मंडळाच्या भैरवगढ येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आपल्या घरांत प्रवास म्हणजे बहुधा तीर्थयात्रा, लग्नकार्य, नाहीतर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे चार दिवस. एका जागी पंधरा-वीस दिवस नुसते राहायचे, चालायचे, वाचायचे, दुपारी झोपायचे, ही कल्पना आपल्याला चैनीची वाटते. पण माझ्या वयाच्या लोकांचे आईवडील आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. डॉक्टर त्यांना रोज चालायला सांगतात आणि आपण त्यांना एकटे बाहेर सोडायला घाबरतो. महाकाल लोक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून गावात गाड्या किती वाढल्या, हे मी सांगायला नको. इथे भैरवगढला सुट्टीच्या दिवशी काळभैरवाच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढताना तरुण माणूसही दमतो. अशा वेळी मनात येते, की आईबाबांना हात न धरता, मागे वळून न बघता रस्त्याच्या मधोमध चालता येईल असे गाव कुठे असेल का?

युरोपात अशी गावे आहेत. स्वित्झर्लंडच्या झेरमाटला जाणारे लोक पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावी मोटार ठेवतात आणि पुढे रेल्वेने जातात. ग्रीसच्या हायड्रा बेटावर सामान अजूनही खेचरांवर जाते. व्हेनिस तर सर्वांना ठाऊकच आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी अवश्य जावे. पण अर्जित रजा आणि भविष्यनिर्वाह निधी सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला जमेल, आईला मराठीतून भाजीचा भाव करता येईल, असे गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे रायगड जिल्ह्यातले माथेरान.

उंची सुमारे आठशे मीटर. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला आणि तिथे थंड हवेचे ठिकाण वसायला सुरुवात झाली. ठाकूर, धनगर, कातकरी लोकांना हे रान त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते, हेही लक्षात ठेवावे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने. रुग्णवाहिकेला मात्र गावात परवानगी आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यामुळे मोटारबंदीला कायद्याचा आधारही मिळाला.

मी डिप्लोमा करून खात्यात लागलेला माणूस. रस्त्याचा उतार मोजणे हे माझे रोजचे काम, म्हणून तिथल्या रेल्वेबद्दल दोन शब्द. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, खर्च सोळा लाख रुपये. हे घराणे दाऊदी बोहरा समाजातले. आपल्या उज्जैनच्या बोहरा शेजाऱ्यांना हे जरूर सांगा. रुळांमधले अंतर फक्त दोन फूट. नेरळ ते माथेरान सुमारे एकवीस किलोमीटर, आणि काही जागी चढ एकास वीस, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. रेल्वेच्या मानाने ही फारच खडी चढण आहे. म्हणून लाइन सरळ न नेता डोंगराला वळसे घालत नेली. डबे छोटे, वेग सावकाश. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला तेव्हा तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसानंतरही ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी नव्हती. पावसाळ्यात नेरळचा भाग दरवर्षी बंद असतो, दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासूनची शटल तेवढी चालते.

आता निवड कशी करायची ते सांगतो. मोटार नसलेले कोणतेही गाव निवडताना फोटो बघण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, शेवटचे तीन किलोमीटर कसे जायचे? आपण उज्जैनहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला उतरतो, दादरहून कर्जत किंवा खोपोलीची लोकल धरून नेरळला येतो. इथपर्यंत सोपे आहे. पण दस्तुरीनंतर चार बॅगा, औषधांचा डबा आणि गुडघेदुखी असलेली आई यांचे काय, हे घरूनच ठरवले पाहिजे. सामान कमी घ्या. कपडे तिथे धुता येतात.

दुसरा प्रश्न, मुक्कामाची खोली बाजारापासून किती दूर आणि वाट चढाची की सपाट? दिवसभराच्या सहलीला फरक पडत नाही, पण पंधरा दिवस दूध आणायला रोज चढ चढायचा म्हणजे चौथ्या दिवशी माणूस खोलीतच बसतो. तिथली माती तांबडी, जांभा दगडाची. कोरड्या दिवसांत धूळ उडते आणि पावसात पाय घसरतो. दम्याच्या माणसाने याचा विचार करावा.

तिसरा प्रश्न, रात्री दोन वाजता छातीत दुखले तर? गावात दवाखाना आहे, पण मोठ्या उपचाराला घाट उतरून खाली जावे लागते. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

चौथा प्रश्न, महिना कोणता? पावसाळ्यात धुके दाट असते आणि बरीच हॉटेले बंद असतात. मे महिन्यात आणि शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, नाताळच्या आधीचे दिवस लांब मुक्कामाला सर्वांत चांगले. हॉटेलवाल्याशी पंधरा दिवसांचा भाव वेगळा बोलावा. हंगाम नसताना तो ऐकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोटार नाही म्हणजे ओझे नाही असे होत नाही. गॅसचा सिलिंडर, तांदळाचे पोते, आपली बॅग, हे सगळे कोणीतरी वर नेतेच. माथेरानात अनेक वर्षे माणूसच माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. आपण ज्या शांततेचे कौतुक करतो तिच्यासाठी कोणाची तरी छाती भरून येत होती. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच न्यायालयात ई-रिक्षाची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला.

घोडेवाल्यांना ई-रिक्षामुळे पोटाची काळजी वाटते आणि ती खोटी नाही. काहींना वाटते, आज बॅटरीची रिक्षा आली, उद्या मोटार येईल. पण माझे मत स्पष्ट आहे. धूर आणि गोंगाट नको, हे बरोबर. त्यासाठी माणसाला घोड्यासारखे जुंपणे मात्र नको. झेरमाटलाही गावात विजेवरच्या छोट्या गाड्या चालतात, म्हणून कोणी त्याला मोटारींचे गाव म्हणत नाही. तिथे गेलात तर वृद्धांसाठी ई-रिक्षा घ्या, हमालाला ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या आणि एखादा दिवस घोडेवाल्यालाही काम द्या.

पंधरा दिवस राहण्याचा खरा फायदा इथेच होतो. एका दिवसात आलेला माणूस पॅनोरमा, लुईझा, एको असे पॉइंट मोजतो, माकडाकडून चिप्सचे पाकीट गमावतो आणि परततो. जो राहतो तो सकाळी शार्लोट तलावापर्यंत चालतो, जवळच पिसारनाथाचे दर्शन घेतो. आपण महाकालाच्या गावचे, तेव्हा महादेव तिथेही भेटतो याचा आनंद वेगळाच. त्याला भाई कोतवालांचे नाव कळते. १९१२ मध्ये माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे काढली, बेचाळीसच्या लढ्यात मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणारे पथक उभे केले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. अशा माणसाचे गाव दोन तासांत बघून होत नाही.

शेवटी एक विनंती. २०२८ चा सिंहस्थ जवळ आला आहे. पर्वकाळात आपल्याकडेही गाड्या बाहेर अडवतात आणि गोपाळ मंदिरापासून रामघाटापर्यंत आपण सगळे पायी चालतो. तेव्हा ती अडचण वाटते. पण तेवढ्या दिवसांत जुन्या गल्ल्यांतून आजी-आजोबा किती मोकळे चालतात, ते या वेळी बघा. काही गल्ल्या नंतरही तशाच ठेवता येतील का, याचा विचार मंडळातल्या जाणत्यांनी करावा. फक्त तो करताना म्हाताऱ्यांची ने-आण आणि दुकानदाराचे पोते कसे पोहोचेल, हे आधी ठरवावे.