कफाची बटणं

बालसाहित्यिक आणि चित्रकार मित्रमैत्रिणींनो,

नवं पात्र घडतं कसं, एवढ्या एकाच विषयावर आज बोलणार आहे. पात्राच्या अंगावरची प्रत्येक खूण त्याच्या मागल्या आयुष्यातून आलेली असावी, आणि जी खूण कुठूनच आलेली नाही ती पुसून टाकण्याची हिंमत आपल्यात असावी, असं माझं ठाम मत आहे.

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आठवा. ‘यू सेड इट’ हे सदर 1951 साली सुरू झालं. आधी लक्ष्मण त्यात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी प्रांतोप्रांतीची माणसं गर्दीनं काढत. रोज वेळेवर चित्र देण्याच्या घाईत एकेक जण गळत गेला आणि शेवटी हा एकटा उरला. धोतर, वर चौकडीचा कोट, चष्मा आणि टकलाच्या कडेला उरलेले चार केस. त्याला नाव नाही, गाव नाही, तो बोलतही नाही. तरी धोतरावर घातलेला तो कोट त्याची सगळी हकिकत सांगतो : घरातलं धोतर सुटलेलं नाही आणि चारचौघांत जाताना कोट घातल्याशिवाय उंबरा ओलांडवत नाही. गाळून गाळून उरलेल्या खुणांत किती ताकद असते, हे मला या माणसानं शिकवलं.

कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांनी हेच काम कापडातून केलं. ‘गांधी’ चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतल्या बॅरिस्टराच्या सुटापासून पंच्यापर्यंतचा प्रवास कपडेच सांगत जातात. त्या कामाला 1983 साली ऑस्कर मिळालं. आणि भा. रा. भागवतांचा बनेश फेणे तर आपल्या घरचाच. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला काटकुळा पोरगा, त्याची सायकल आणि त्याचं ते ‘ट्टॉक’. एवढ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या धावतो आहे.

आता आपण एक पात्र इथंच घडवू या. बीड जिल्ह्यातली अकरा वर्षांची मुलगी. आई-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरले जातात. मुलगी बरोबर जाते, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते, धाकट्या भावाला सांभाळते.

हे सगळं पहिल्या पानावर सांगून टाकायचा मोह होतो. तो आवरा. त्याऐवजी तिच्याकडे नीट बघा. फ्रॉकवर तिनं बापाचा जुना फुल शर्ट घातला आहे. उसाचं पान हाताला कापतं, म्हणून तोडणाऱ्या बायकाही साडीवर असेच शर्ट घालतात. उन्हाळ्यात गावाकडच्या वर्गात परतल्यावर सगळी पोरं घामानं निथळत असतात, तरी हिच्या दोन्ही कफांची बटणं लावलेली. बाईंनी सांगूनही ती काढत नाही. भाऊ सतत डाव्या कमरेवर असायचा, म्हणून ती रिकामी उभी राहिली तरी कंबर डावीकडेच झुकते. हे चित्रकारानं काढायचं. लेखकानं त्यावर एक शब्दही खर्च करू नये.

शर्ट मोठा असल्यामुळे खिसा पार पोटाशी आलेला. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेली चिल्लर आई तिच्याकडे ठेवायला देते. म्हणून पळताना तिचा एक हात खिशावर दाबलेला असतो. एकदा चिल्लर पडली असेल, ओरडा बसला असेल. तो प्रसंग लिहायची गरज नाही, तो हात पुरे. आणि याच कामामुळे तिचा तोंडी हिशेब वर्गात सगळ्यांत पक्का. मला ही मुलगी आवडू लागते ती इथं. तिला फाटकं दप्तर आणि डबडबलेले डोळे दिले असते, तर ती कुठल्याही गरीब मुलीसारखी झाली असती. तिच्या वाटचं असं तिच्याकडे काहीच उरलं नसतं. दयेपोटी चिकटवलेल्या खुणा पात्राला मारतात, हे मी फार कळकळीनं सांगतो आहे, कारण आपल्या बालसाहित्यात गरीब मूल अजून बहुतेकदा असंच येतं.

डोळ्यांचा रंग, वाढदिवस, आवडता पदार्थ यांची यादी करून पात्र उभं राहत नाही. ॲनिमेशनवाले पात्राची मॉडेल शीट बनवतात. समोरून, बाजूनं, पाठीमागून तेच पात्र. फार उपयोगी पद्धत आहे ती. पण त्या कागदावरच्या प्रत्येक गोष्टीला ‘हे का?’ असं विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर खोडरबर घ्यावा.

यासाठी लेखक आणि चित्रकार वेळेत भेटायला हवेत. आज बहुतेक वेळा संहिता पक्की झाल्यावर, छपाईची तारीख डोक्यावर असताना चित्रकाराला फोन जातो. मग तो बिचारा दोन वेण्या आणि ठिपक्यांचा फ्रॉक काढून मोकळा होतो, त्यात त्याचा दोष नाही. इथं बसलेल्या प्रकाशकांना माझी जाहीर विनंती आहे : पहिलं प्रकरण लिहून झालं की चित्रकाराला बोलवा, पात्राच्या कच्च्या रेखाटनांचं मानधन वेगळं द्या, आणि त्या रेखाटनांवरून लेखकाला संहिता बदलावीशी वाटली, तर त्याला तेवढा वेळ द्या.